मैदानावरचे पट्टे आणि ते आखणारे हात

परवा वस्तीतल्या एका घरी टीव्हीवर इंग्लंडमधला फुटबॉलचा सामना लागला होता. आम्हीही दाराशी टेकून बसलो होतो. पडद्यावर सबंध मैदान दिसले तशी घरातली दहा वर्षांची मुलगी म्हणाली, "काका, या मैदानाला दोन रंग कुणी दिले हो? एक पट्टा गडद, एक पट्टा फिका. दोन जातींचे गवत लावलंय का?"

कुणी म्हणाले, रंग मारला असणार. कुणी म्हणाले, खत कमीजास्त टाकत असतील. खरे सांगायचे तर आम्हालाही ठाऊक नव्हते. पण मुलांच्या प्रश्नाला "गप बस, सामना बघ" हे काही उत्तर नव्हे. म्हणून आम्ही माहिती काढली. ती आपल्या सगळ्यांच्याच मुलांसाठी इथे देत आहोत.

तर मंडळी, तिथे रंगही नाही आणि दोन जातींचे गवतही नाही. गवत एकच, खत एकच, पात्याची उंचीही एकच. फरक आहे तो फक्त पाते कुठल्या बाजूला कलले आहे याचा.

गवत कापायच्या यंत्राच्या मागे एक रोलर असतो. यंत्र पुढे जाताना गवत कापले जाते आणि मागचा रोलर उरलेली पाती त्याच दिशेला वाकवतो. यंत्र आपल्यापासून दूर गेले तर पाती आपल्याकडे पाठ करून कलतात. त्यांची रुंद बाजू आपल्याला दिसते, तिच्यावरचा उजेड डोळ्यांत येतो आणि तो पट्टा फिका दिसतो. टोकाला वळून यंत्र आपल्याकडे परत आले की शेजारच्या पट्ट्यातली पाती आपल्या बाजूला झुकतात. आता दिसतात त्यांची टोके आणि खालची सावली. म्हणून तो पट्टा गडद.

यात गंमत पुढे आहे. आपल्याला जो पट्टा गडद दिसतो, तोच समोरच्या टोकाला बसलेल्या माणसाला फिका दिसतो. आपला फिका तो त्याचा गडद. दोघांचेही डोळे खोटे बोलत नाहीत. बसायची जागा तेवढी वेगळी.

पटत नसेल तर घरीच करून बघा. मखमलीचा तुकडा जमिनीवर पसरा. त्यावरून हात एकदा पुढे फिरवा, एकदा मागे. दोन पट्टे उमटतील. मग उठून पलीकडच्या बाजूला जाऊन बसा आणि पाहा. पट्ट्यांचे रंग बदललेले दिसतील. पैसा न खर्चता मुलांना प्रकाशाचा धडा मिळेल.

मखमल आणि गवत यांचे नाते नुसते उदाहरणापुरते नाही. गवत कापायचे हे यंत्र कापडाच्या गिरणीतूनच आले. इंग्लंडमध्ये स्ट्राउड गावाजवळ एडविन बडिंग नावाचा कारागीर होता. त्या भागात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. कापडावर वर आलेली लव सारखी कापायला गिरणीत फिरत्या पात्यांचे यंत्र असे. ते पाहून बडिंगच्या मनात आले, लव कापता येते तर गवत का नाही? १८३० साली त्याने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याआधी लांब दांड्याच्या विळ्याने गवत कापीत, नाहीतर मेंढ्या सोडीत. क्रिकेटचे प्रसिद्ध लॉर्ड्स मैदानही एके काळी मेंढ्याच चरून बारीक करीत असत.

हे पट्टे नुसत्या शोभेचे नसतात. फुटबॉलमध्ये पुष्कळ ठिकाणी पट्टा ५.५ मीटर रुंद ठेवतात. गोलपुढची लहान चौकट ५.५ मीटर खोल आणि मोठी १६.५ मीटर. म्हणजे मोठ्या चौकटीत बरोबर तीन पट्टे बसतात. रेषेवरच्या पंचाला ऑफसाइड ओळखताना या सरळ पट्ट्यांचा आधार होतो. म्हणून युरोपातल्या मोठ्या स्पर्धांत पट्टे आडवे आणि सरळच हवेत, असा नियम आहे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये काही माळी गोल, तिरके, चित्रविचित्र नक्षीकाम करू लागले होते. २०१७-१८ च्या हंगामापासून तिथेही ते बंद झाले.

अमेरिकेत मात्र बेसबॉलच्या मैदानांवर नक्षीला मोकळीक आहे. मिलवॉकी शहरात डेव्हिड मेलर हे मैदानाचे काम पाहत. १९९३ साली गाण्याच्या एका मोठ्या कार्यक्रमाने तिथले गवत खराब झाले. ती खराबी डोळ्यांत भरू नये म्हणून त्यांनी त्यावर नक्षी काढली. झाकण्यासाठी केलेली युक्ती लोकांना इतकी आवडली की पुढे ती त्यांची ओळखच झाली.

आपल्याकडे असे ठळक पट्टे कमी दिसतात. आपल्या मैदानांवर बहुतेक हरळीच्या जातीचे गवत असते. ते ताठ आणि आखूड, फारसे वाकत नाही. थंड मुलुखातले गवत मऊ असते, ते रोलर फिरवला की निमूट झुकते.

आता या कामातले कष्ट पाहा. पहिला पट्टा दोरी लावून किंवा समोरच्या एखाद्या खुणेवर नजर रोखून सरळ काढावा लागतो. तो वाकडा गेला की पुढचे सगळे वाकडे. एका वेळी पात्याचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग कापायचा नाही, नाहीतर गवत दुबळे होते. पुन्हा पुन्हा एकाच दिशेने यंत्र फिरवले तर गवत कायमचे आडवे पडते, म्हणून दिशा बदलत राहायची. एवढे करून सामन्याच्या दिवशी या माणसाचे नाव कुणी घेत नाही.

या हातांवरून आम्हाला पाळवणकर बाळूंची आठवण झाली. चर्मकार समाजात जन्मलेल्या बाळूंनी पुण्यात पारशांच्या क्रिकेट मैदानावर झाडू मारण्याचे आणि रोलर फिरवण्याचे काम केले. पगार महिना ३ रुपये. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर लागले. तिथे खेळपट्टी तयार करायची, रेषा आखायच्या, जाळी उभारायची. त्या जाळीतच साहेबांना चेंडू टाकता टाकता ते असे गोलंदाज झाले की हिंदू संघाला त्यांच्यावाचून चालेना. मैदानावर त्यांचा चेंडू चाले, पण चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा याच बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. ज्याने मैदान राखले, त्यानेच ते गाजवले.

म्हणून पुढच्या वेळी टीव्हीवर हिरवे पट्टे दिसले की मुलांना दोन गोष्टी जरूर सांगा. एक, दोन रंग दिसले म्हणजे दोन जाती असतात असे नाही. पलीकडे जाऊन पाहिल्याशिवाय बोलू नये. आणि दुसरी, सामना सुरू होण्याच्या कितीतरी आधी, उन्हातान्हात, कुणीतरी त्या मैदानावरून सरळ रेषेत चालून गेलेले असते.

आमच्या त्या छोट्या मुलीने हे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग काका, जिंकल्यावर कप त्यांना का नाही देत?" या प्रश्नाचे उत्तर आम्ही अजून शोधत आहोत.