रॅम्पमागचा माणूस पुढे येतो तेव्हा

फॅशन शो हा काही चळवळीच्या दैनिकाचा विषय नव्हे, असे आमच्या अनेक वाचकांना वाटेल. पोटभरल्या लोकांचे चोचले, असे म्हणून आपण पान उलटतो. आम्हीही अनेक वर्षे तेच केले. परंतु कपडा आणि पायताण हा आपल्या समाजासाठी केवळ शोभेचा प्रश्न कधी होता? कोणी काय नेसावे, पायात काय घालावे, कोणाच्या दारापुढून जाताना चपला हातात घ्याव्यात, हे सारे येथील व्यवस्थेने ठरवून दिले होते. म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना बाबासाहेबांनी लुगडे नेसण्याची पद्धत बदला, कथलाचे दागिने टाकून द्या, असे सांगितले. त्या दिवसाकडे वेशभूषेचे राजकारण म्हणून आपण फारसे पाहिलेले नाही.

म्हणून आज पॅरिसची एक हकीकत सांगावीशी वाटते. व्हर्जिल ॲब्लो हा घाना देशातून अमेरिकेत आलेल्या आई-बापांचा मुलगा. जन्म १९८०, शिकागोजवळच्या रॉकफर्डचा. आई शिवणकाम करायची. शिवायला तो तिच्याकडूनच शिकला. शिक्षण मात्र स्थापत्य अभियांत्रिकीचे आणि पुढे वास्तुकलेचे. फॅशनची पदवी त्याच्याकडे नव्हती. २००९ मध्ये रोमच्या एका बड्या फॅशन घराण्यात त्याने महिना पाचशे डॉलरवर उमेदवारी केली. २०१२ मध्ये एका नामांकित कंपनीचे सुमारे चाळीस डॉलरचे शर्ट विकत घेऊन, त्यांवर छपाई करून, साडेपाचशे डॉलरला विकले. लोक हसले, रागावलेही. हा कसला डिझायनर, हा तर शर्टावर अक्षरे छापणारा, असे म्हणणाऱ्यांत मोठमोठे कलावंतही होते.

आणि मार्च २०१८ मध्ये लुई व्हिताँ या १८५४ सालच्या फ्रेंच घराण्याने पुरुषांच्या पोशाखाचा कला-दिग्दर्शक म्हणून त्याचेच नाव जाहीर केले. त्या जागेवर बसणारा तो पहिला कृष्णवर्णीय. ज्या धंद्यात काळ्या माणसाने फार तर कपडा अंगावर घालून चालायचे किंवा पडद्यामागे टाके घालायचे, तेथे कपडा कसा असावा हे आता तो ठरवणार होता.

२१ जून २०१८ रोजी पॅरिसच्या पाले रॉयाल बागेत त्याचा पहिला शो झाला. इंद्रधनुष्याच्या रंगांची लांबच लांब पायवाट. सुरुवातीला चालत आलेले बहुतेक तरुण कृष्णवर्णीय. एरवी अशा ठिकाणी पहिल्या रांगेसाठी धनिकांची चढाओढ असते. येथे रंगीत टी-शर्ट घातलेले शेकडो विद्यार्थी बोलावून उभे केले होते. मॉडेल कोठे जन्मले, त्यांचे आई-बाप कोठले, हे दाखवणारा जगाचा नकाशाही पाहुण्यांच्या हाती दिला होता. शेवटी ॲब्लो स्वतः बाहेर आला आणि जुन्या मित्राच्या, गायक कान्ये वेस्टच्या, गळ्यात पडून रडला. त्या रडण्याचा अर्थ आमच्या वाचकांना समजावून सांगावा लागणार नाही. घरातला पहिला मुलगा अधिकारी होतो, तेव्हा वस्तीत असेच रडतात.

हा माणूस काही निर्दोष नव्हता. २०२० च्या आंदोलनात त्याने दिलेल्या पन्नास डॉलरच्या देणगीवरून त्याच्याच लोकांनी त्याला धारेवर धरले आणि त्याला माफी मागावी लागली. मात्र त्याच वर्षी काळ्या विद्यार्थ्यांच्या फॅशन शिक्षणासाठी दहा लाख डॉलरचा शिष्यवृत्ती निधीही त्याने उभारला. २८ नोव्हेंबर २०२१ रोजी कर्करोगाने त्याचा अंत झाला. वय अवघे ४१.

त्याचा एक सिद्धान्त प्रसिद्ध आहे. असलेल्या वस्तूत तीन टक्के बदल केला की नवी वस्तू होते. आम्हाला हे वाक्य खटकते, आणि त्याचे कारण कोल्हापुरात आहे. २२ जून २०२५ रोजी मिलानमध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या शोमध्ये मॉडेलांच्या पायांत हुबेहूब कोल्हापुरी चपला दिसल्या. कंपनीने त्यांना नुसते चामडी सँडल म्हटले. बदल तीन टक्के तरी होता काय? आणि उरलेले सत्त्याण्णव टक्के कोणाचे? बाभळीची साल आणि हिरडा घालून कातडे कमावणाऱ्या ढोर समाजाचे, रापी आणि आरी घेऊन पिढ्यान् पिढ्या मान मोडून बसलेल्या चर्मकारांचे. कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आधीच मिळालेले होते; चार जिल्हे महाराष्ट्राचे, चार कर्नाटकाचे. तरी नाव घ्यायला कंपनीला ओरड व्हावी लागली.

ओरड झाली, हे बरे झाले. पण ती करणाऱ्यांत 'आमची संस्कृती, आमचा वारसा' म्हणणारे किती निघाले! चपलेचा अभिमान सगळ्यांना. ती शिवणाऱ्याच्या हातचे पाणी मात्र कालपर्यंत चालत नव्हते. कातडे कमावणाऱ्याला गावाबाहेर ठेवणारी संस्कृती चपलेवर मालकी सांगते तेव्हा आम्हाला हसावे की रडावे कळत नाही.

पुढे कंपनीने कबुली दिली. जुलैमध्ये तिची माणसे कोल्हापुरात येऊन गेली आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. दोन हजार जोड येथेच बनवून घेणार, एका जोडाची किंमत सुमारे आठशे युरो, असे जाहीर झाले. कारागिरांच्या प्रशिक्षणाचेही बोलणे आहे. काम मिळते आहे, त्याला आमचा विरोध नाही. सुभाषनगरातल्या एखाद्या घरात चार पैसे अधिक आले तर आम्हाला आनंदच आहे.

परंतु प्रशिक्षण कोणी कोणाला द्यायचे? कापशीचा घाट, वेणीची वादी, टाका कोठे घ्यायचा हे ज्याला डोळे मिटून येते, त्याला विद्यार्थ्याच्या बाकावर बसवायचे आणि नमुना मिलानहून यायचा, असे होणार असेल तर जुनेच नाते नव्या कागदावर आले. ॲब्लोला पॅरिसमध्ये टाके घालायला बोलावले नव्हते. आराखडा ठरवायला बोलावले होते. चर्मकाराच्या मुलीला डिझायनर म्हणून त्या टेबलाशी खुर्ची मिळणार काय, हे महामंडळाने कंपनीला विचारले आहे का? फॅशन शिक्षणाच्या सरकारी संस्थांत आपली मुले-मुली किती आहेत, त्यांची फी कोण भरते, शिष्यवृत्ती वेळेवर मिळते का, हेही आम्ही या निमित्ताने विचारत आहोत. उत्तर महामंडळाने द्यावे, समाजकल्याण खात्यानेही द्यावे. आमची पाने त्यासाठी मोकळी आहेत.