चेसिसमधून वाहणारी वीज

घुग्घुसहून पडोलीकडे निघा, बल्लारपूरहून राजुऱ्याकडे किंवा एटापल्लीहून आलापल्लीकडे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवर टिपरशी गाठ पडतेच. वेकोलिच्या खुल्या खाणींतला कोळसा, सुरजागडचं लोहखनिज, सिमेंट कारखान्यांचा चुनखडक, हे सगळं उंचावरून डाल्यात कोसळतं. डाल्याचा पत्रा झिजतो, कोपऱ्यांना तडे जातात, बिजागरीजवळचे जोड उकलतात. म्हणून इथल्या गॅरेजांत वेल्डिंगचा निळा उजेड दिवसभर लखलखत असतो.

रॉडच्या टोकाशी पेटणारी ती ज्योत सूर्याच्या पृष्ठभागाइतकी, म्हणजे साडेपाच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेली असते. तरीही तिच्या दोन टोकांमधला दाब जेमतेम २० ते २५ व्होल्टचा. सगळी ताकद प्रवाहात आहे. सव्वातीन मिलिमीटरच्या साध्या रॉडमधून १०० अँपिअरच्या आसपास वीज वाहते. त्याच गाडीत, केबिनखाली किंवा इंजिनाला चिकटून, ईसीएम नावाची डबी बसवलेली असते. डिझेलचा प्रत्येक फवारा कधी सुरू करायचा आणि कधी थांबवायचा, ते ती सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत ठरवते. तिच्या आतल्या चिपा ५ किंवा ३.३ व्होल्टवर चालतात, आणि त्यांच्यातले ट्रान्झिस्टर ज्या पडद्याच्या आधाराने काम करतात त्याची जाडी काही नॅनोमीटर असते. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक म्हणजे एक नॅनोमीटर.

ज्योत आणि चिप ही दोन टोकं एकमेकांना भेटतात ती चेसिसमध्ये. ट्रकच्या बॅटरीची निगेटिव्ह केबल चेसिसला जोडलेली असते आणि दिवे, सेन्सर, ईसीएम अशा बहुतेकांची वीज शेवटी त्याच पोलादातून परतते. वेल्डिंगचा प्रवाहही, मशीनची परतीची केबल जिथे जोडतात त्या अर्थिंगच्या चिमट्यापर्यंत, त्याच पोलादातून जातो. गंज, रंग आणि कोळशाची भुकटी साचलेल्या जोडाचा रोध फक्त ०.०५ ओहम धरा. १०० अँपिअरला ०.०५ ने गुणा: ५ व्होल्ट! ज्या चेसिसला गाडीतली प्रत्येक वायर शून्य मानते, त्याच्या दोन भागांत ईसीएमच्या चिपांना लागतो तेवढा दाब उभा राहतो. वर्धा नदीला पूर आला की तिला मिळणाऱ्या इरईचं पाणी पुढे सरकत नाही, उलट चढून चंद्रपूरच्या सखल वस्त्यांत शिरतं. अडलेल्या जोडापाशी विजेची पातळी अशीच चढते आणि कुठल्यातरी सेन्सरच्या बारीक वायरीतून वाट काढते. शाळेतला ओहमचा नियम इतका जिवंत झालेला मला दुसरीकडे क्वचितच दिसतो.

ज्योत तुटते तो क्षण आणखी विलक्षण. वाहता प्रवाह एकाएकी थांबवला तर केबल त्याला विरोध करते आणि स्वतःच दाब निर्माण करते. मशीनच्या लांबलचक केबलींचं इंडक्टन्स १० मायक्रोहेन्री धरलं आणि १०० अँपिअर १० मायक्रोसेकंदांत शून्यावर आले, तर १०० व्होल्टचा फटका तयार होतो. रॉड चिकटतो, सुटतो, पुन्हा पेटतो, आणि दर वेळी असा लहानमोठा फटका बसतो.

म्हणून माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे अर्थिंगचा चिमटा. तो सांध्याच्या अगदी जवळ, त्याच तुकड्यावर, रंग खरवडून चकचकीत केलेल्या धातूवर बसला पाहिजे. डाल्यावर वेल्डिंग करायचं आणि चिमटा सोयीचा म्हणून चेसिसला लावायचा, ही सवय घातक आहे. मग प्रवाह बिजागरीच्या पिनमधून आणि जॅकच्या दांड्यातून उतरतो. चाकाला किंवा एक्सलला चिमटा लावला, तर तो बेअरिंगमधूनही जातो. तिथे गोळी आणि कडीच्या मध्ये ग्रीसचा पातळ थर असतो. तो ओलांडताना सूक्ष्म ठिणग्या पडतात आणि गुळगुळीत पोलादावर खड्डे उठतात. वेल्डिंग उत्तम झालेलं असतं, बेअरिंग मात्र पुढे कधीतरी गुरगुरू लागतं.

वेल्डिंगआधी बॅटरीही सोडवायचीच, आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. उलट केलं आणि पॉझिटिव्ह सोडवताना पान्हा चेसिसला टेकला, तर बॅटरी थेट शॉर्ट होते. इंजिन चालू असताना तर बॅटरीला हातही लावू नये. अल्टरनेटरची वीज रिचवणारी बॅटरी अचानक नाहीशी झाली, की दाब आवरणारी सोय नसलेल्या २४ व्होल्टच्या गाडीत विजेचा दाब शंभर व्होल्टच्या पुढे उसळू शकतो. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ ट्रकांत आणखी एक काळजी आहे. चावी बंद केल्यावरही, धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाचा पंप थोडा वेळ चालतो आणि नळ्यांतलं द्रावण टाकीत परत ओढून घेतो. ते काम संपू द्यावं, नाहीतर नळ्यांत युरियाचे खडे धरतात.

एवढं करूनही ईसीएमचा चेसिसशी असलेला संबंध तुटत नाही, कारण त्याची अर्थ वायर तिथेच असते. म्हणून त्याचे कप्लरही काढून, धूळ जाणार नाही असे झाकून ठेवायचे.

काम झाल्यावर, बॅटरी जोडण्याआधी, कप्लर परत बसवून मल्टिमीटर हातात घ्यावा. १९८६ मध्ये बॉशने जगापुढे मांडलेली कॅन नावाची व्यवस्था आज ट्रकमधल्या डब्यांना एकमेकांशी बोलतं करते, तेही पिळलेल्या दोन वायरींवरून. त्या जोडीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. समांतर जोडलेले असल्याने मीटरवर सुमारे ६० दिसायला हवेत. १२० दिसले तर एक टोक तुटलं आहे. शून्याजवळ आकडा आला तर दोन्ही वायरी कुठेतरी शॉर्ट झाल्या आहेत. ६० दिसले, की आधी पॉझिटिव्ह जोडायची, मग निगेटिव्ह, आणि चावी फिरवायची.