बंदराच्या नकाशात आपली जाळी कुठं आहेत?



मुरगाव बंदराचा विषय निघाला की आपल्यात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, बंदर वाढलं तर पोरांना काम मिळेल. दुसरा म्हणतो, दर्या गेला. दोघंही नकाशा न बघताच भांडतात.

बंदरवाले वीस-पंचवीस वर्षं पुढचं बघतात. केंद्राने 2023 मध्ये ‘हरित सागर’ नावाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. दर टन मालामागे कार्बन 2030 पर्यंत 30 टक्के आणि 2047 पर्यंत 70 टक्के कमी करायचा, असं ठरलं आहे. धक्क्याला लागलेल्या जहाजाला किनाऱ्यावरून वीज दिली की त्याला इंजिन चालू ठेवून धूर सोडावा लागत नाही. हे चांगलंच आहे. कोळशाची भुकटी रोज पुसणाऱ्या वास्कोतल्या बायकांना विचारा. पण कार्बनच्या टक्केवारीत बांगडा मोजला जात नाही.

आपला खरा प्रश्न खोलीचा आहे. मोठ्या जहाजांसाठी मुरगावची वाट 14.4 मीटरवरून 19.8 मीटर खोल करायचं काम निघालं होतं. जनसुनावणी न घेताच परवानगी दिली होती. मच्छीमार कोर्टात गेले आणि 2016 मध्ये हरित लवादाने ती परवानगी रद्द केली. 2017 मध्ये वास्कोत सुनावणी झाली, तेव्हा लोक दिवसचे दिवस बोलले. तळ उपसला की पाणी गढूळ होतं. आणि तो गाळ कुठं टाकणार, हे आपण विचारलंच पाहिजे, कारण तो आपल्याच जाळ्यात येतो.

योजनाही चुकतात. हे बंदर खनिजावर उभं होतं. 2012 मध्ये खाणी थांबल्या आणि बार्जेस नदीत गंजत पडल्या.

सुनावणीची नोटीस निदान 30 दिवस आधी निघते, लेखी हरकत घेता येते. पण ‘आम्ही तिथं मासे मारतो’ एवढ्यावर कोणी ऐकत नाही. कुठं, किती वावात, कुठल्या महिन्यात, कुठली मासळी, हे कागदावर लागतं.

इथंच आपली अडचण. आपली जागा दुसऱ्याला सांगायची नाही ही बापजाद्यांची सवय, आमचीही आहे. म्हणून नेमका जीपीएस पॉइंट नको. नकाशावर चौकोन पाडले आहेत, फक्त चौकोनाचा नंबर द्या. एकत्र नकाशावर कुठल्याच होडीचं नाव येणार नाही. रापणीच्या जागा, नांगर टाकायची ठिकाणं आणि जहाजांची वाट ओलांडतो ती जागा मात्र नक्की दाखवा.

1 जून ते 31 जुलै बंदी आहे, होड्या वर असतात. कोरे नकाशे सोसायटीच्या ऑफिसात ठेवले आहेत. ज्यांना लिहिणं जमत नाही त्यांनी तोंडी सांगावं, आम्ही भरून घेऊ. म्हाताऱ्या तांडेलांना आधी आणा.