आधी त्या वाटेने गेलेला माणूस

कण्याला मार बसून पाय गेले की डॉक्टर जीव वाचवतात. पुढचं रोजचं जगणं शिकवायला मात्र त्याच वाटेने गेलेला माणूस लागतो. नसीमा हुरजूक सोळाव्या वर्षी व्हीलचेअरवर आल्या. त्यांना उभारी दिली ती पाय लुळे असूनही स्वतः मोटार चालवणाऱ्या बाबूकाका दिवाण यांनी. १९८४ मध्ये नसीमादीदींनी कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था सुरू केली.

खापरखेड्यासारख्या वीजकेंद्राच्या गावात असा बाबूकाका शेजारी भेटणं अवघड. व्हिडिओ कॉलवर मात्र भेटू शकतो, आणि तो रोजच्या गोष्टी सांगतो. खुर्चीत बसल्या बसल्या दर पंधरा-वीस मिनिटांनी बूड उचला, कारण तिथली जखम दुखतच नाही, नुसती चिघळते. लघवीची नळी चार ते सहा तासांनी घाला. लग्न, मूल, नोकरी हे प्रश्न आईबापांपुढे निघत नाहीत, या कॉलवर निघतात. माझ्या मते खरा उपयोग तोच.

पण कॉलवरचा हा सोबती डॉक्टर नव्हे. इजा छातीच्या मध्यापासून वर असेल आणि अचानक डोकं ठणकलं, घाम फुटला, तर रक्तदाब धोक्याइतका चढलेला असू शकतो. रुग्णाला ताठ बसवा, कपडे सैल करा, लघवी तुंबली आहे का पाहा आणि तडक दवाखाना गाठा.