तहान लागण्याआधी विहीर खणणारा धंदा



आमच्या प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, कोविडमध्ये मास्क, सॅनिटायझरवाल्यांनी छापला पैसा. पुढची साथ आली तर आपण कसं तयार राहायचं?"

प्रश्न चांगला आहे, पण अर्धा आहे. म्हणून आज जरा सविस्तर बोलू.

२०२०च्या सुरुवातीला आपल्या देशात पीपीई किट जवळजवळ बनतच नव्हते. मग मागणी एकदम आली. कपड्याचे कारखाने कामाला लागले, कोइम्बतूरच्या 'सिट्रा' या वस्त्र संशोधन संस्थेत कापडाच्या चाचण्या सुरू झाल्या, आणि मे २०२०च्या मध्यापर्यंत देशात रोज सुमारे २ लाख किट बनू लागले. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे ही.

पण धंद्याच्या नजरेने बघा. एवढे लोक एकाच वेळी बाजारात उतरले की भाव कोसळतो. माझ्या ओळखीतल्या एका टेलरने त्या वेळी बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून शिलाईवर टेप लावायचं मशीन घेतलं. मशीन दारात आलं तेव्हा भाव निम्म्याखाली गेला होता. पाटल्या सोडवायला त्याला पुढे तीन वर्षं लागली. माणूस कष्टाळू होता, काम उत्तम होतं. चुकलं एवढंच की विहीर खणायला सुरुवात केली ती तहान लागल्यावर.

नंदुरबारने काय वेगळं केलं?

आता दुसरी बाजू. नंदुरबार हा आदिवासीबहुल, मोठ्या शहरांपासून लांबचा जिल्हा. पहिली लाट ओसरायला लागली तेव्हा बहुतेकांनी सुटकेचा श्वास सोडला. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड स्वतः डॉक्टर. त्यांनी उलटा विचार केला: दुसरी लाट आली आणि टँकर इतक्या लांब पोचलाच नाही तर? सप्टेंबर २०२०मध्ये जिल्ह्याचा पहिला ऑक्सिजन प्लांट उभा राहिला, २०२१च्या सुरुवातीला आणखी उभे राहिले. एप्रिल २०२१मध्ये देशभर सिलिंडरसाठी धावाधाव चालली होती, तेव्हा नंदुरबारकडे हवेतून ऑक्सिजन काढायची स्वतःची सोय होती.

हे प्लांट चालतात कसे, तेही समजून घ्या, कारण आपला धंदा तिथेच लपलाय. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. कॉम्प्रेसर हवा दाबतो, ती कोरडी करून झिओलाइटच्या दाण्यांनी भरलेल्या टाकीत सोडतात. दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि पलीकडून सुमारे ९३ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन निघतो. दोन टाक्या आळीपाळीने काम करतात. यालाच पीएसए प्लांट म्हणतात.

पण हवेतला ओलावा किंवा कॉम्प्रेसरचं तेल दाण्यांपर्यंत गेलं की दाणे खराब. फिल्टर वेळेवर बदलला नाही की शुद्धता घसरली. म्हणजे प्लांट बसवणं ही सुरुवात झाली. खरं काम पुढे वर्षानुवर्षं चालतं.

देखभाल नसेल तर

२१ एप्रिल २०२१. नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली. पुरवठ्याचा दाब पडला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. टाकी होती, ऑक्सिजनही होता. तो खाटेपर्यंत पोचला नाही. तयारी म्हणजे नुसती वस्तू विकत घेणं नव्हे, ती ऐन वेळी चालणं, हा धडा त्या दिवशी फार महाग पडला.

कोविडच्या काळात पीएम केअर्स निधीतून देशभर बाराशेहून अधिक पीएसए प्लांट मंजूर झाले. डिसेंबर २०२२ आणि एप्रिल २०२३मध्ये रुग्णालयांत मॉक ड्रिलही झाले. पण रोज वापर नसलेलं यंत्र गंजतं, हे तुम्हाला शेतातल्या मोटारीवरून माहीतच आहे. ते चालू ठेवायला माणूस लागतो. तो माणूस दरवेळी मुंबई-पुण्याहून यावा, असं कुठे लिहिलंय?

म्हणून माझी कसोटी एकच. स्वतःला विचारा: "साथ कधी आलीच नाही, तरी माझा हा धंदा चालेल का?" पीपीई किटचा साठा या कसोटीत नापास. तालुक्यातल्या दवाखान्यांच्या उपकरणांची देखभाल, गॅस पाइपलाइनची तपासणी, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि रुग्णखाटा भाड्याने देणं, घरच्या रुग्णासाठी प्रशिक्षित मदतनीस पुरवणं, हे सगळं पास. शांत काळात पोट भरतं आणि संकटात जीव वाचतो.

सुरुवात कशी करायची?

पहिलं, पायी फिरा. तुमच्या दहा किलोमीटरच्या आतले दवाखाने, नर्सिंग होम मोजा. प्रत्येक ठिकाणी तीनच प्रश्न विचारा: कोणती यंत्रं आहेत? बिघडली की कोण येतं? यायला किती दिवस लागतात? वहीत लिहा. तिसऱ्या उत्तरात तुमची संधी आहे.

दुसरं, एकच काम निवडा आणि शिका. इथे जुगाड चालत नाही. एक साधं उदाहरण: ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला तेल-ग्रीस लावायचं नसतं, आग लागू शकते. हे माहीत नसलेल्या माणसाने पाइपलाइनला हात लावू नये. बायोमेडिकलचा डिप्लोमा केलेला जोडीदार घ्या किंवा स्वतः प्रशिक्षण घ्या.

तिसरं, कागदपत्रं. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. सरकारी कामासाठी जेम पोर्टलवर नाव घाला. उपकरणं विकणार असाल तर लक्षात ठेवा, १ एप्रिल २०२०पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आलीत. विकायलाही नोंदणी लागते.

चौथं, वसुली. दवाखान्यांची बिलं थकतात, हे गृहीत धरा. वार्षिक देखभालीचा करार लेखी करा, तिमाहीचे पैसे आगाऊ मागा. उद्यम नोंदणी असेल तर २००६च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं, उशीर झाला तर व्याजासकट. तरीही तीन-चार महिन्यांचा खर्च हाताशी ठेवूनच उतरा.

मित्रांनो, पुढची साथ कधी येईल, कोणत्या नावाने येईल, कुणीच सांगू शकत नाही. पण आज तुमच्या गावच्या दवाखान्यात कोपऱ्यात कापड टाकून ठेवलेलं एखादं बंद यंत्र नक्की असेल. ते चालू करून देणारा माणूस तुम्ही व्हा.

या आठवड्याचा होमवर्क: पाच दवाखाने, तीन प्रश्न, एक वही. भरलेली वही घेऊन बसा, पुढच्या व्हिडिओत आपण त्यातून देखभालीच्या कराराचा दर कसा काढायचा ते बघू.

भेटूया!