टायटलरची जोडणी : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

1956 पर्यंत जबलपूर ज्या प्रांतात मोडत होते त्याची राजधानी नागपूर होती, आणि त्या काळापासून तेथील सदर भागात व आसपासच्या वस्तीत स्थिरावलेल्या मराठी घरांपैकी ज्यांच्या कपाटांत मुंजी-लग्नांच्या व्हीएचएस कॅसेटी आहेत, त्यांनी चित्रातील माणसे ओळखणारी वडीलधारी मंडळी हयात आहेत तोवरच त्यांची नावे चित्रावर उमटवून घ्यावीत, असे मला मनापासून वाटते. परंतु या कामाच्या टायटलर नामक यंत्राविषयी काही समजुती इतक्या दृढ आहेत की, जोडणी चुकते आणि दोष यंत्राच्या माथी येतो.

टायटलर मूळ कॅसेटवरच अक्षरे लिहितो, हा त्यांतील सर्वांत रूढ समज. वस्तुतः तो कॅसेटला स्पर्शही करीत नाही. पहिल्या व्हीसीआरच्या ‘व्हिडिओ आउट’मधून निघालेला संकेत आत घेऊन, त्यात अक्षरे मिसळून, तो दुसऱ्या, रेकॉर्ड करणाऱ्या व्हीसीआरकडे रवाना करतो. अस्सल अबाधित राहते, नावे चढतात ती नकलेवर. म्हणूनच टायटलर दुसरा व्हीसीआर आणि टीव्ही यांच्यामध्ये जोडला, तर पडद्यावर नावे दिसतात आणि कॅसेटवर एकही दाखल होत नाही.

अक्षरे थरथरू लागली की टायटलर बिघडला, असाही निकाल तत्काळ दिला जातो. आपल्याकडील पाल पद्धतीत सेकंदाला 25 चित्रे आणि प्रत्येक चित्रात 625 रेषा असतात. चालत्या चित्रावर अक्षर स्थिर राहावे, तर टायटलरची प्रत्येक रेषा येणाऱ्या चित्राच्या रेषेबरोबर त्याच क्षणी सुरू व्हावी लागते, आणि हा मेळ राखणाऱ्या योजनेस जेनलॉक म्हणतात. जीर्ण कॅसेटच्या रेषांची वेळच डळमळीत असल्याने तिच्यामागे धावणारी अक्षरेही डळमळतात. इलाज करावयाचा तो टायटलरच्या आधी रेषांची ही वेळ सुधारणारा टाइम बेस करेक्टर जोडून. अमेरिकेतील आप्तांनी आणलेला टायटलर मात्र येथे चालत नाही, कारण तेथील एनटीएससी पद्धत 525 रेषांची व सेकंदाला सुमारे 30 चित्रांची आहे. विजेचा दाब बदलणारा ट्रान्सफॉर्मर लावल्याने ती बदलत नाही.

नक्कल मुकी निघाली, तरी घाबरण्याचे कारण नाही : बऱ्याच टायटलरांतून केवळ चित्र जाते, ध्वनीची तार दोन्ही व्हीसीआरमध्ये थेट जोडावी. दृश्ये एकमेकांत मिसळणारा मिक्सर असल्यास टायटलर त्याच्या पुढे, रेकॉर्ड करणाऱ्या व्हीसीआरच्या लगत ठेवावा, म्हणजे दृश्ये एकमेकांत विरताना नाव विरत नाही.

नकलेची नक्कल प्रत्येक वेळी अधिक धूसर होते, यास्तव सर्व नावांची यादी आधी सिद्ध करून ती नावे अस्सलावरून एकाच फेरीत चढवावीत. पुष्कळ परदेशी टायटलरांत केवळ रोमन लिपी असते. तथापि काहींत कॅमेऱ्यापुढे धरलेल्या कागदावरील अक्षरे साठविण्याची सोय असते, आणि तेथे पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने लिहिलेली देवनागरी उत्तम उमटते. व्हीएचएसची आडवी सुस्पष्टता जेमतेम 240 रेषांची असल्याने काना-मात्रा व अनुस्वार ठसठशीत काढावेत, आणि एका वेळी दोन ओळींहून अधिक मजकूर घालू नये.