काटा खाली, इंजिन तापलेलं : जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या निमित्ताने अनुमानाविषयी

मागच्या वेळी आपण अनुमान आणि व्याप्ती यांविषयी बोललो. धूर दिसला की अग्नी आहे असं आपण म्हणतो, ते कशाच्या आधारावर, हा आपला प्रश्न होता. त्यानंतर अमेरिकेत राहणाऱ्या एका श्रोत्यांनी विचारलं, "सर, माझ्याकडे जुनी माझदा मियाटा आहे. उभी असताना तिची रेस आपोआप वर-खाली होते. तापमानाचा काटा मात्र अगदी व्यवस्थित असतो. मग काट्यावर विश्वास ठेवायचा की नाही?" प्रश्न गाडीचा आहे, पण उत्तर न्यायदर्शनाच्या वाटेनं जातं. म्हणून आज तोच विषय घेऊ.

आधी गाडीची ओळख. माझदा एमएक्स-५ ही दोन जणांची, उघड्या टपाची छोटी गाडी १९८९ मध्ये आली. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात. सुरुवातीचं इंजिन १.६ लिटरचं, चार सिलिंडरचं. खालचा ब्लॉक लोखंडाचा आणि वरचं हेड अॅल्युमिनियमचं. हे लक्षात ठेवा. तापल्यावर अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. इंजिन प्रमाणाबाहेर तापलं तर हेड वाकतं, मधली गॅस्केट जाते आणि दुरुस्तीचा खर्च कधी कधी जुन्या गाडीच्या किमतीला भिडतो. म्हणजे आपला प्रश्न नुसता पुस्तकी नाही.

आता निरोगी इंजिन कसं वागतं ते बघू. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून पेट्रोल जास्त द्यावं लागतं आणि हवाही जास्त लागते. त्यामुळे सकाळी सुरू केल्यावर इंजिन मिनिटाला हजाराच्या वर फेरे घेतं. तापलं की उतरून साधारण ८५० वर स्थिरावतं. दरम्यान कूलंट ८० ते ९० अंशांच्या आसपास पोचलं की थर्मोस्टॅट उघडतो आणि ते रेडिएटरकडे वाहू लागतं. रहदारीत उभं राहिलात तर तापमान शंभराच्या जवळ जातं, पंखा सुरू होतो. पंख्याच्या किंवा हेडलाइटच्या भारानं रेस क्षणभर दबते आणि सावरते. गाडी बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा सुरू केली तर काटा थोडा वर दिसतो, कारण पाण्याचा पंप थांबलेला असताना गरम धातूची उष्णता साचलेल्या पाण्यात उतरते. मिनिट-दोन मिनिटांत तो खाली येतो. यातलं काहीही दुखणं नाही. जुन्या गाडीच्या मालकानं हे एकदा समजून घेतलं की निम्मी काळजी मिटते.

आता रेस वर-खाली होण्याकडे येऊ. या १.६ लिटरच्या इंजिनात थ्रॉटलच्या खाली हवेची एक बाजूची वाट आहे. त्या वाटेवरच्या झडपेत मेण असतं आणि झडपेतून कूलंट फिरतं. गरम कूलंट लागलं की मेण फुगतं आणि वाट बंद होत जाते. कूलंट कमी झालं किंवा तिथे हवेचा बुडबुडा अडकला, तर मेणाला ऊब मिळत नाही. इंजिन तापलेलं असलं तरी झडपेपुरती सकाळच असते! वाट उघडी राहते, जादा हवा आत येते, रेस चढते.

आता संगणक काय करतो? त्याला दोन गोष्टी दिसतात : थ्रॉटल बंद आहे आणि फेरे जास्त आहेत. यावरून तो ठरवतो की चालकानं पाय काढलाय आणि गाडी उतारावरून चाललीय. मग पेट्रोल कशाला? तो पेट्रोल तोडतो. रेस कोसळते. कोसळली की पुन्हा देतो. पुन्हा चढते, पुन्हा तोडतो. गाडी जागेवर उभी, आणि संगणक उतारावर! अनुमानाची रीत बरोबर आहे, पण व्याप्ती फसवी आहे. थ्रॉटल बंद आणि फेरे जास्त म्हणजे उतार, हे तेव्हाच खरं, जेव्हा दुसऱ्या वाटेनं हवा येत नसेल.

ही जी 'तेव्हाच खरं' अशी अट आहे, तिला नैयायिक उपाधी म्हणतात. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहातलं उदाहरण आठवा. धूर आहे म्हणून अग्नी आहे, हे चालतं. पण अग्नी आहे म्हणून धूर आहे, हे चालत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर कुठे असतो? धूर निघायला ओलं सरपण लागतं. ओलं सरपण ही उपाधी.

हेच काट्याला लावा. इंजिन तापलं तर काटा चढेल, असं आपण धरून चालतो. पण काटा इंजिनाचं तापमान दाखवतच नाही. तो एका छोट्या सेन्सरचं तापमान दाखवतो, आणि तो सेन्सर कूलंटमध्ये बुडलेला असेल तरच ते इंजिनाचं तापमान. कूलंट गळून गेलं तर सेन्सर वाफेत किंवा हवेत लोंबकळतो, आणि धातू भाजत असताना काटा चक्क खाली येऊ शकतो. इथे कूलंट ही उपाधी. ते नसेल तर तुमचं इंजिन म्हणजे तो लोखंडाचा गोळा : अग्नी आहे, धूर नाही. शिवाय संगणकाचा सेन्सर वेगळा आणि काट्याचा वेगळा. एकाची साक्ष दुसऱ्याला लागू होत नाही.

म्हणून त्या श्रोत्यांना माझं सांगणं असं. काटा मध्यावर आहे याचा अर्थ 'कूलंट पुरेसं असेल तर तापमान ठीक आहे' एवढाच घ्या. आणि रेस वर-खाली होतेय, ती नेमकं 'कूलंट पुरेसं नसावं' असं सुचवतेय. दोन्ही साक्षी एकत्र ऐका. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून आत बघा. बाजूची बाटली भरलेली आहे एवढ्यावर जाऊ नका, बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा असं होतं. कमी असेल तर भरा, हीटर चालू ठेवून अडकलेली हवा निघू द्या, आणि गळती कुठे आहे ते शोधा. कूलंट पूर्ण असूनही रेस हलत असेल, तर हवेच्या रबरी नळ्यांना चीर आहे का ते बघा, कारण तिथूनही न मोजलेली हवा शिरते.

रेस कमी करण्याचा स्क्रू मात्र आधी फिरवू नका. बरेच जण तेच करतात. स्क्रूनं हवा कमी होते, रेस शांत होते, मालक खूश. पण कूलंट तितकंच कमी राहतं, आणि ते सांगणारी एकमेव खूण आपण गप्प केलेली असते.

चालवताना काटा एकाएकी खाली आला, किंवा हीटरमधून अचानक थंड हवा येऊ लागली, तर दिलासा मानू नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. झाकणाला हात लावू नका. रेडिएटरमधलं पाणी दाबाखाली असतं. दाब दुप्पट झाला तर पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही, पण झाकण उघडताच एकदम उकळून अंगावर येतं. थंड होऊ द्या, मग बघा.

न्यायशास्त्र शिकवताना विद्यार्थी विचारायचे, की या उपाधीचा व्यवहारात उपयोग काय. त्यांना आता हे उदाहरण देता येईल. पुढच्या वेळी आपण हेत्वाभासांचे प्रकार घेऊ. आता तुमचे प्रश्न विचारा.